जाहिरातीच्या रकान्याला धनी होता

जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली ज्याने चाळल्या आहेत त्याला हा अनुभव ओळखीचा असेल. एखादा अग्रलेख शोधायला म्हणून फाईल काढून घ्यावी आणि सगळी दुपार जाहिराती वाचण्यात जावी. कागद कडांना तपकिरी पडलेला, पान उलटताना कोपऱ्याचा भुगा बोटांना लागतो. एका रकान्यात उसाचा लोखंडी चरक, शिवणयंत्र, पिठाची गिरणी. शेजारच्या रकान्यात रक्तशुद्धीचा अर्क, धातुपुष्टीच्या गोळ्या, शंभर दुखण्यांवर एकच मलम. दोहोंच्या मध्ये शाईची एक बारीक रेघ. टाइप तोच, चौकट तीच, शेवटची ओळही तीच: किंमत अमुक, टपालहशील निराळे, व्ही. पी.ने पाठवू.

या पानांविषयी एक मत अलीकडे मराठीत रुळले आहे. दिवाळी अंकांतल्या लेखांतून, प्रदर्शनांतून, व्याख्यानांतून ते कानी पडते. या जाहिरातींनी मराठी माणसाला नव्या जगाची ओळख करून दिली, यंत्र काय आणि औषध काय, दोन्ही एकाच नव्या वाऱ्याबरोबर आली, असे हे मत सांगते. त्यांतली अतिशयोक्ती निरागस होती, वाचक काही खुळा नव्हता, आणि तुटपुंज्या वर्गणीवर पत्र चालवणाऱ्या संपादकाला मिळेल ती जाहिरात घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, असेही त्यात ओघाने येते. मग दोन-चार मजेदार नमुने दाखवायचे आणि वाचकांनी हसून पान उलटायचे.

मला हे मत मुळापासून चुकीचे वाटते. यंत्राची जाहिरात आणि गुप्त औषधाची जाहिरात यांना एका पंगतीला बसवणे ही पहिली चूक. संपादकाला निवड नव्हती म्हणणे ही दुसरी, आणि ती अधिक मोठी.

आधी यंत्र घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात आले, भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवू लागले. नांगर तयार झाले, पण घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो. मला त्यात त्याचा शहाणपणा दिसतो. छापील शब्दावर त्याने आपले वावर पणाला लावले नाही. नांगर एकदा मातीत उतरला की तास किती खोल जातो, बैलांना ओढ किती बसते, फाळ किती दिवसांत झिजतो, हे बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. जाहिरातीने खोटे सांगितले असेल तर पहिल्याच हंगामात ते उघडे पडते, आणि बाजाराच्या दिवशी चार गावांत त्याची चर्चा होते. नांगर खरा होता म्हणून तो टिकला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली ती या परीक्षेत उतरलेल्या मालावर.

आता औषध. ‘पेटंट औषध’ या नावातच पहिली फसवणूक आहे. यंत्राचे पेटंट घ्यायचे तर त्याची रचना कागदावर मांडून सरकारात दाखल करावी लागते. हिंदुस्थानात असा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. मुदतीपुरता हक्क शोधकाचा, नंतर ती विद्या सर्वांची, असा हा व्यवहार. पेटंट औषधे म्हणून जी विकली जात त्यांतल्या बहुतेकांनी असे काही उघड केलेच नव्हते. त्यांची सगळी कमाई गुप्ततेवर होती. उघडेपणाचे नाव घ्यायचे आणि धंदा मात्र लपवालपवीचा करायचा, हा प्रकार त्या नावापासूनच सुरू होतो.

या धंद्याचा एक मोठा सूत्रधार लंडनचा थॉमस हॉलोवे. १८३७ मध्ये त्याने मलमाची जाहिरात सुरू केली, पुढे गोळ्या आल्या. १८४२ मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा हा आकडा ५०,००० पौंडांवर गेला होता. औषध कसे घ्यावे याच्या सूचना त्याने चिनी, तुर्की, अरबीपासून हिंदुस्थानातल्या बहुतेक देशी भाषांपर्यंत छापून घेतल्या. आपल्या भाषेत विज्ञानाचे पाठ्यपुस्तक मिळणे दुरापास्त होते त्या काळात लंडनच्या गोळीचा कागद आपल्या भाषेत पोचला होता, ही गोष्ट गंमत म्हणून सांगण्याजोगी नाही.

अशा गोळ्यांत काय होते? याचे उत्तर त्याच काळात दिले गेले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण करून पुस्तक काढले. बीचमच्या प्रख्यात गोळ्या हिंदुस्थानातही खपत, आणि एका पेटीचे मोल एका गिनीएवढे आहे असे त्यांची जाहिरात सांगे. पृथक्करणात निघाले काय, तर कोरफडीपासून होणारा काळा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांची पेटी १ शिलिंग दीड पेनीला विकली जाई. आतल्या द्रव्यांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे विक्रीच्या किमतीचा एकशे आठवा भाग. बोळ आणि सुंठ तर आपल्या आजीबाईच्या बटव्यातल्या वस्तू. त्याच वस्तू विलायतेहून गोळी होऊन आल्या आणि आपण त्यांना एकशे आठपट मोल दिले, ते जाहिरातीच्या जोरावर.

आणि सगळीच औषधे अशी साबण-सुंठीची, निरुपद्रवी नव्हती. क्लोरोडाइन हिंदुस्थानात नोकरी केलेल्या एका ब्रिटिश लष्करी डॉक्टरने काढले. पटकी, अतिसार, खोकला अशा अनेक दुखण्यांवर ते घरोघर ठेवले जाई. त्यात अफूचा अंश होता, क्लोरोफॉर्म होता, गांजाचा अर्क होता. उतार पडे, यात शंका नाही. पण ज्या घरात ती बाटली फळीवर उभी होती त्या घरातल्या आईला आपण पोराच्या जिभेवर काय टाकतो आहोत हे ठाऊक नव्हते. निरागस अतिशयोक्ती म्हणतात ती हीच काय?

‘वाचक खुळा नव्हता’ असे म्हणतात. नव्हताच. १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम पाच माणसे साक्षर होती. वर्तमानपत्र घेणारा म्हणजे वकील, कारकून, शिक्षक, विद्यार्थी, त्या काळचा सर्वांत शिकलेला वर्ग. प्रश्न त्याच्या बुद्धीचा नव्हताच. नांगर पारखायला वावर असते, तसे गोळी पारखायला काय असते? बहुतेक ताप आपोआप उतरतात. गोळी घेतलेली असली की श्रेय गोळीला. जो बरा झाला तो प्रशस्तिपत्र लिहितो आणि ते चौकटीत छापले जाते. जो मेला त्याचे पत्र येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे पटापट जाऊ लागली, तेव्हा घाबरलेल्या घराला कोणतीही बाटली आशेची वाटणारच. बुद्धिमान माणूस भीतीपुढे दुबळा होतो. जाहिरात लिहिणाऱ्याला हे नेमके ठाऊक होते.

भीतीच्या जोडीला लाज होती. इथे टपालखात्याचा भाग मोठा आहे. व्हॅल्यू पेएबलची पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली, पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये, मनिऑर्डर १८८० मध्ये. या सोयींनी पुस्तके खेड्यापाड्यांत पोचली, बियाणे पोचले, शिवणयंत्राचे सुटे भाग पोचले. त्यांचेच बोट धरून गुप्त औषधही पोचले, आणि त्याला ही वाट सर्वांत सोयीची. पुण्यात खोली करून राहिलेला विशीतला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे असे त्याला वाटते, कारण ‘अशक्तपणा’, ‘धातुक्षय’ हे शब्द तो दर आठवड्याला छापील वाचतो. वडिलांना विचारता येत नाही, मास्तरांना नाही, ओळखीच्या वैद्यालाही नाही. तो पोस्टकार्ड टाकतो. पोस्टमन पुडके आणतो, पैसे घेतो, जातो. औषध लागू पडले नाही तर तो तक्रार कुठे करणार? कोणाला सांगणार? ज्या गिऱ्हाइकाला तोंड उघडण्याचीच चोरी, त्याच्यावर हा बाजार उभा होता. आणि त्याचा आजारही पुष्कळदा त्याच जाहिरातीने त्याच्या मनात पेरलेला असे.

याच समाजात रघुनाथ धोंडो कर्वे १९२१ पासून संततिनियमनाचे काम करत होते. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. शरीराविषयी जे विचारायची लाज वाटते त्याची स्वच्छ, शास्त्रीय उत्तरे ते मासिकातून देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा टळली नाही. त्याच वर्षांत धातुपुष्टीच्या आणि पुरुषत्वाच्या गोळ्यांच्या जाहिराती प्रतिष्ठित पत्रांतून राजरोस चालू होत्या. अज्ञान विकणाऱ्याला रकाना भाड्याने मिळत होता आणि ज्ञान देणाऱ्याला आरोपीचा पिंजरा. जाहिरातींनी आधुनिकता आणली असे म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

यावर स्वदेशीचा मुद्दा पुढे येतो. औषधांच्या जाहिरातींतूनच देशी औषधउद्योग उभा राहिला, तो फसवणूक कसा? मुद्दा वजनदार आहे, आणि त्यातले खरे मी मान्य करतो. पनवेलचा धूतपापेश्वरचा कारखाना, बडोद्याचे अलेम्बिक, मुंबईचे झंडू ही नावे आपल्या उद्योगाच्या इतिहासात मानाने घ्यायची आहेत. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या बळावर १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्रपत्रिका’ काढली. मलमाच्या डबीतून तेलुगू पत्रकारितेचे एक मोठे दालन उघडले.

पण हीच उदाहरणे माझी बाजू मांडतात. डोके दुखत असताना मलम चोळले, अर्ध्या तासात बरे वाटले की नाही हे चोळणाऱ्यालाच कळते. शास्त्रोक्त च्यवनप्राश किंवा आसव-अरिष्टाचा पाठ ग्रंथात आहे, कोणताही जाणता वैद्य तो उघडून ताडून पाहू शकतो. ही औषधे नांगराच्या पंगतीतली. खरी रेघ यंत्र आणि औषध यांच्यामध्ये नाहीच. ती आहे पारखता येईल असा माल आणि पारखताच येऊ नये म्हणून झाकलेला माल यांच्यामध्ये. त्या रेघेच्या पलीकडचा माल विलायती असो की देशी, माझ्या लेखी एकच. उलट देशी नावाखाली झालेली फसवणूक अधिक लागते, कारण तिने स्वदेशीवरचा विश्वास खाल्ला.

यंत्राची जाहिरातही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हे मी विसरलेलो नाही. गिरणीच्या यंत्राच्या चित्रात चकचकीत चाके दिसतात, त्यापुढे पहाटेपासून रात्रीपर्यंत उभा असलेला कामगार दिसत नाही. पण ती उणीव भरून काढणारे पत्र गिरण्यांच्या मुंबईतच निघत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’तून गिरणीकामगारांची बाजू मांडली, सभा घेतल्या, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. जाहिरात जे झाकते ते बातमीने उघडायचे, हे पत्राचे काम आहे, आणि ते करणारी माणसे त्या काळातही होती. गुप्त औषधांच्या बाबतीत तेच काम बहुतेकांनी केले नाही, कारण तिथे झाकणाऱ्याचा पैसा थेट पत्राच्या गल्ल्यात येत होता.

आता शेवटचा आणि सर्वांत लाडका बचाव: संपादकाचा नाइलाज. वर्गणी थकलेली, कागद महाग, वर सरकारची वक्रदृष्टी. हे सगळे खरे आहे. देशी पत्रे पोटाला चिमटा काढून चालली. पण नाइलाज म्हणजे दुसरा रस्ताच नसणे. रस्ता होता, आणि त्यावरून चाललेली माणसे होती. अमेरिकेत ‘लेडीज होम जर्नल’ने १८९२ मध्ये पेटंट औषधांच्या जाहिराती घेणे बंद केले. १९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने या धंद्याची लक्तरे वेशीवर टांगली. त्याच लेखनातून हेही बाहेर आले की औषधवाल्यांच्या जाहिरात-करारात एक कलम असे: आमच्याविरुद्ध कायदा झाला तर करार रद्द. पत्रे गप्प का, याचे उत्तर त्या कलमात होते. पुढच्याच वर्षी तिथे अन्न आणि औषधांचा कायदा झाला. म्हणजे आजच्या मापाने मी कालच्या माणसांना मोजतो आहे असे कोणी म्हणू नये. हे माप त्यांच्याच काळातले आहे.

परदेशचे राहू द्या. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ हाती घेतली ती जाहिराती घ्यायच्या नाहीत असे ठरवूनच, आणि त्यामुळे पत्रांचे काही बिघडले नाही असे त्यांनी पुढे आत्मकथेत लिहिले. गांधींची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. मग पुण्याचे उदाहरण घेऊ. ३१ जानेवारी १९२० रोजी आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती, पैसे द्यायची तयारी होती, तरी ‘केसरी’ने ती छापली नाही. ‘केसरी’सकट त्या वेळच्या बहुतेक मराठी पत्रांत औषधांच्या जाहिराती असत.

मिळेल ती जाहिरात छापणे भाग होते, हा बचाव या एका घटनेपुढे उभा राहत नाही. रकान्याच्या दाराशी कोणीतरी बसलेले होते. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, हे तो ठरवत होता. पैसे देणारा माणूस परत पाठवता येत होता, आणि पाठवलाही गेला. अस्पृश्यांच्या पत्राला दार बंद झाले आणि शंभर रोगांवरच्या बाटलीला ते उघडे राहिले. ‘केसरी’च्या इतर कामाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना जड जाते. पण आदरापोटी ही गोष्ट लपवणे म्हणजे गुप्त औषध विकण्यासारखेच होईल.

जाहिरात आणि सचोटी एकत्र नांदू शकतात, याचा पुरावाही मराठीतच आहे. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी. म्हणजे जन्माने ते जाहिरातपत्रच. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे मराठीतले एक आघाडीचे मासिक केले, रूढींवर आणि बुवाबाजीवर त्यातून कोरडे ओढले. ज्याच्याकडे पारखून घेता येईल असा माल असतो त्याला वाचकाच्या डोळस होण्याची भीती नसते, हे त्या मासिकाने दाखवून दिले.

कायदा यायला उशीर झाला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समिती १९३० मध्ये नेमली गेली, तिचा अहवाल १९३१ चा. औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये केला. त्यातली काही कलमे १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाहीत. पण अशा औषधी जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे पांघरूण घेता येणार नाही, हे न्यायालयाने त्याच निकालात सांगितले. या कायद्याच्या तिसऱ्या कलमाची भाषा मला फार महत्त्वाची वाटते. बंदी औषध विकणाऱ्यापुरती नाही. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणीही कोणताही भाग घेऊ नये, असे ते कलम म्हणते. म्हणजे टाइप जुळवून देणाऱ्या, रकाना भाड्याने देणाऱ्या प्रसिद्धीच्या धन्यालाही कायद्याने जाब द्यायला उभे केले. तो धनी आधीही होताच, फक्त त्याला कोणी विचारत नव्हते.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती जुन्या पत्रांचे निवडक खंड काढणाऱ्या आपल्या संस्थांकडे आहे. आपण अग्रलेख निवडतो, स्फुटे निवडतो, जाहिराती गाळतो. फायलींची छायाचित्रे घेताना जाहिरातीचे पान ‘निरुपयोगी’ म्हणून सोडले जाते. असे करू नका. ज्या अंकात स्वातंत्र्यावरचा अग्रलेख आहे त्याच अंकात त्या विद्यार्थ्याला भिववणारी चौकट आहे. दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच रात्री, एकाच शाईने छापले गेले. अग्रलेखाखाली संपादकाची सही आपण मानतो, तर त्या चौकटीखालीही ती मानली पाहिजे. पान पुरते छापा, म्हणजे ती सही पुढच्या वाचकाला दिसेल.